नमुना डावीकडे, माल उजवीकडे

माझ्या वर्कशॉपमध्ये लेथच्या शेजारी भिंतीला एक लांब लाकडी फळी होती. गिऱ्हाईक जो भाग घेऊन यायचं तो मी फळीच्या डाव्या टोकाला ठेवायचो. आमच्या धंद्यात त्याला नमुना म्हणतात. नमुना बघून नवा भाग तयार केला की तो उजव्या टोकाला, दाराच्या बाजूला. तो माल. भिवंडीच्या कामतघरातल्या लूमवाल्यांना ही पद्धत इतकी पाठ होती, की मी जेवायला घरी गेलेलो असलो तरी माणूस आत यायचा, उजवीकडचं उचलायचा आणि चालू लागायचा. पद्धत माझ्या अब्बांनी घालून दिलेली. नमुना आणि माल मिसळू द्यायचे नाहीत, असं ते बजावायचे, कारण काम मनासारखं उतरलं तर दोन्ही सारखेच दिसतात आणि मग घोटाळा होतो. तीस वर्षांत त्या फळीवर एकदाही घोटाळा झाला नाही. झाला तो भिवंडीपासून फार लांब, एका रेल्वे स्टेशनातल्या टेबलावर, आणि तोही ही पद्धत पाळल्यामुळे.

मी टर्नर. म्हणजे लेथवर लोखंड फिरतं ठेवून त्याला हवा तो आकार देणारा. भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, सहसा थांबत नाही, आणि जे थांबत नाही ते झिजतं. गियरचे दात जातात, शाफ्ट वाकतात, बुश ढिले होतात. झिजलेलं बदलून देणं हा माझा धंदा. यात फार कला आहे असं मी म्हणणार नाही, पण माप चुकलं तर लूम बोंबलतो आणि लूमपेक्षा मोठ्यानं त्याचा मालक. मी जात्याच धास्तीखोर माणूस. पाठवलेला गियर लूमवर चढेपर्यंत मला घास गोड लागायचा नाही. सायकल काढून त्या कारखान्याच्या भिंतीबाहेर उभा राहायचो आणि खटखट एकसारखी ऐकू आली की परत फिरायचो. माझी बायको रुकय्या म्हणायची, “लूम त्यांचा, कापड त्यांचं, आणि धडधड मात्र तुमची.”

अशा दुकानात गुप्तेकाका आले ते पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला. कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. इस्त्रीचा सदरा, पायात स्वच्छ चपला, आणि आमच्या दाराशी तेलाचं थारोळं. ते ओलांडून आत आले आणि त्यांनी तपकिरीच्या डबीतून शर्टाच्या बटणाएवढं एक लोखंडी चाक काढून माझ्या हातावर ठेवलं. अशी अठ्ठेचाळीस हवीत म्हणाले. मला वाटलं घड्याळाचं काम असेल. ते म्हणाले, आगगाडी आहे.

त्यांना लहानपणापासून रेल्वेचं वेड. वडील मराठवाड्याच्या बाजूला नोकरीला असताना ज्या मीटरगेजच्या गाडीनं ते शाळेत जायचे, ती सगळी शाखा त्यांनी ब्राह्मण आळीतल्या आपल्या घरात दोन खोल्यांत उभी करायला घेतली होती. परदेशातून येणारे खेळण्यांचे डबे त्यांना चालत नव्हते, कारण त्यांचे रूळ रुंद. आपल्या मीटरगेजचं काहीच विकत मिळत नाही, तेव्हा चाकापासून सगळं करून घ्यायला हवं, आणि भिवंडीत करून देणारा कोण, तर लूमचा टर्नर.

पहिल्या अठ्ठेचाळीस चाकांत मी हात दाखवून अवलक्षण केलं. दोन चाकांमधलं अंतर त्यांच्या आतल्या बाजूंमध्ये मोजायचं असतं. मी लूमच्या सवयीनं चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं. रविवारी त्यांच्या घरी गाडी सोडली तर पहिल्याच सांध्यावर अख्खी रुळाखाली. मला घाम फुटला. काका मात्र शांतपणे म्हणाले की खऱ्या रेल्वेलाही हे शिकायला वेळ लागला असेल. ते डबे त्यांनी एका कोपऱ्यात आडवे मांडून ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, हा अपघात यूसुफमियांनी घडवून आणला.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे मंडळी जमायची. ठाण्याचे एक दातांचे डॉक्टर, कल्याणचे एक बँकवाले, खारबावला उतरून रिक्षानं येणारे वसईचे एक मास्तर, असे सातआठ जण. प्रत्येक जण आपापलं इंजिन सुती फडक्यात गुंडाळून आणायचा. काकांच्या रुळांवर ते चालवायचं, कोणी कुठल्या जुन्या रेल्वेला जाऊन आला असेल त्यानं फोटो दाखवायचे, आणि वहिनींचे बटाटेवडे खायचे. भिवंडीच्या लेआउटला, म्हणजे काकांच्या त्या मांडणीला, एक दुखणं होतं जे दुसऱ्या कुणाच्याच लेआउटला नव्हतं. हवेत कापसाची तुसं. रुळावर बसायची आणि इंजिनाच्या आसाला गुंडाळली जायची. डॉक्टर आपल्या दातांच्या चिमट्यानं ती काढत बसायचे. आणि लाइट गेले की कामतघरातली खटखट आणि काकांची पॅसेंजर एकाच क्षणी थांबायची.

लूमवाल्यांना माझं हे नवं गिऱ्हाईक मुळीच पसंत नव्हतं. एक हाजीसाहेब होते, चोवीस लूमचे मालक. एकदा त्यांचा गियर फळीवर डावीकडे तसाच आणि माझ्या लेथच्या चकमध्ये खेळातल्या इंजिनाची बोटाच्या पेराएवढी चिमणी. बघून म्हणाले, “यूसुफभाई, मेरा कारखाना खडा है और आप बच्चों का खेल बना रहे हो?” त्या दिवशी मी चिमणी काढून ठेवली आणि आधी गियर दिला. पण खरं सांगतो, गियर करताना हात काम करायचे आणि चिमणी करताना मी करायचो. लूमचं काम कुणी नीट बघतही नाही. लूम चालला की संपलं. ही माणसं माझं चाक भिंगाखाली धरून बघायची आणि हातोहात फिरवायची. त्या कौतुकाची मला चटक लागली होती, हे कबूल केलं पाहिजे.

आता गोळ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून रेल्वेनं एक साधी युक्ती केलेली असते. शेजारशेजारच्या दोन स्टेशनांवर एकेक यंत्र, तारेनं एकमेकांना जोडलेलं. यंत्राच्या पोटात लोखंडी गोळे. एका यंत्रातून एक गोळा बाहेर काढला की दोन्ही यंत्रं बंद होतात. तो गोळा दोहोंपैकी एका यंत्रात परत पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नाही. गोळा ड्रायव्हरच्या हातात, तर रूळ त्याचा. गोळा नाही, तर गाडी हलवायची नाही. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी असते, तिच्यात हा गोळा घालून ड्रायव्हरला देतात आणि पुढच्या स्टेशनवर तो काढून घेतात.

काकांची गाडी पुढच्या खोलीतून भिंतीतल्या भोकातून मागच्या खोलीत जायची. एका खोलीत बसलेल्याला दुसरीतलं दिसायचं नाही, तेव्हा काकांचा आग्रह की आपल्याकडेही गोळा पाहिजे. मी दोन यंत्रं करून दिली. लूमवर धागा तुटला की एक छोटा काटा खाली पडतो आणि लूम जागच्या जागी थांबतो. तोच काटा, एक बॅटरी आणि सायकलची घंटी वापरली. सुरुवातीला त्यात लाकडी गोळे होते. मग काकांच्या मनानं घेतलं की गोळा खऱ्या मापाचा, खऱ्या लोखंडाचा हवा. ते त्या शाखेवर दरवर्षी जायचे. एका स्टेशनच्या मास्तरांशी त्यांची ओळख झाली होती. माझा कॅलिपर नेऊन त्यांनी तिथल्या गोळ्याची मापं आणली, आणि गोळ्यावरची खाच आणि कोरलेली अक्षरं कागद लावून पेन्सिलीनं घासून आणली.

तो गोळा करायला मला सव्वा महिना लागला. लेथवर दांडा गोल करणं सोपं, चेंडूसारखा गोळा काढणं अवघड. दोन टाकून दिले, तिसरा जमला. अक्षरं पंचनं मारली. गोळ्यांना नंबर असतात, पण कुठले नंबर मारायचे ते काका नंतर ठरवणार होते, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडली. नवा लखलखीतपणा जावा म्हणून तेलात तापवून काळा केला आणि आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. रुकय्या म्हणाली, आता हे एक अंडं उबवायचं राहिलंय.

नव्वद-एक्क्याण्णवचा हिवाळा असेल. त्या शाखेचे रूळ रुंद व्हायचे होते आणि कोळशाची काळी इंजिनं जायची होती. तेव्हा शेवटचं बघून यायचं सगळ्यांनी ठरवलं. रविवारी वडे खाताना आठ जण होते. तिकिटं काढायच्या वेळी उरलो काका आणि मी. मी गोळा पिशवीत घेतला, सोबत बारीक माप घ्यायला व्हर्नियरही घेतला. खऱ्याशी ताडून बघायचा होता.

त्या दोन स्टेशनांची नावं मी लिहीत नाही. पहिल्याला पाण्याचं स्टेशन म्हणू या, कारण तिथं इंजिन पाणी घ्यायचं आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटं थांबायची. तिथले जोंधळे मास्तर काकांच्या ओळखीचे. उंच, वाकलेले, कोटाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आम्हाला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. त्यांना निवृत्तीला आठ महिने राहिले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या कागदांवर लाल शाईचा एक ठिपका नाही, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला ते ऐकून हेवा वाटला. आमच्याच गाडीसाठी काढलेला गोळा टेबलावर होता. काकांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, या मिस्त्रींनी असाच केलाय. मास्तर हसले आणि त्यांनी गोळा माझ्या हातात दिला. असा परक्या माणसाच्या हातात तो द्यायचा नसतो. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि काकांनाही. पण दहा वर्षांची ओळख, आणि मिस्त्रीची हौस.

मी खरा मापला, मग माझा मापला. आडवा, उभा, तिरका. केसाचा फरक नव्हता. खाच तीच, वजन हाताला तेच. मास्तरांनी दोन्ही दोन हातांत धरले आणि मान हलवली. एवढं समाधान मला आयुष्यात फार वेळा मिळालेलं नाही. मी दोन्ही गोळे टेबलावर ठेवले. आणि हाताला तीस वर्षांची जी सवय, तेच त्यानं केलं. नमुना डावीकडे, माल उजवीकडे, दाराच्या बाजूला.

इंजिनानं शिट्टी दिली. सांधे बदलणारा पॉइंटमन घाईनं आत आला, दाराजवळचा गोळा उचलला, कड्याच्या पिशवीत घातला आणि पळत गेला. मास्तर रजिस्टर लिहीत होते. काका चहाचा शेवटचा घोट घेत होते. मी उरलेला गोळा माझ्या पिशवीत टाकला, मास्तरांना नमस्कार केला आणि आम्ही मागच्या डब्यात चढलो.

गाडी सुटल्यावर दहाएक मिनिटांनी काका म्हणाले, बघू दे तुझा गोळा, खिडकीच्या उजेडात. मी काढला. अंगठा फिरवला तर एका जागी गुळगुळीत खळगा लागला, कित्येकांच्या अंगठ्यांनी झिजलेला. त्याच्या शेजारी चारचा आकडा. माझ्या गोळ्यावर आकडा नव्हता.

माझे कान बंद झाले. काकांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. गाडी रुळावर धावत होती आणि तिला धावायची जी परवानगी, ती माझ्या मांडीवर होती. ड्रायव्हरच्या हातात होतं ते कामतघरात केलेलं खेळणं.

काकांनी मला सावरलं. ते म्हणाले, आत्ता या क्षणी धोका नाही, खरा गोळा यंत्राच्या बाहेर आहे तोवर समोरून गाडी येऊ शकत नाही. धोका पुढच्या स्टेशनवर. तिथल्या मास्तरानं माझा गोळा यंत्रात टाकला, तर दोन गोष्टींपैकी एक होणार. तो अडकेल, यंत्र बंद पडेल, रूळ बंद पडेल आणि चौकशी लागेल. किंवा तो आत जाईल. आत गेला तर यंत्र समजणार की रूळ मोकळा आहे आणि पुढच्या गाडीसाठी दुसरा गोळा बाहेर देणार, आणि त्याच रुळाचा एक खरा गोळा मोकळा फिरत राहणार. एका रुळाच्या दोन परवानग्या. हे ज्यासाठी केलेलं यंत्र, तेच मी मोडून ठेवलं होतं. त्या पंधरा मिनिटांत मी आयुष्यात पहिल्यांदा माझं काम बिघडलेलं असू दे म्हणून दुआ मागितली.

आणि दोन्ही बाजूंनी जोंधळे मास्तरच बुडत होते. माझं म्हणणं, गाडी थांबली की इंजिनाकडे पळायचं आणि कुणाला न कळता कड्याच्या पिशवीतला गोळा बदलायचा. काकांचं म्हणणं, रेल्वेच्या बाबतीत लपवाछपवी नाही, सांगून बदलायचा. सांगितलं तर मास्तरांचे आठ महिने गेले. नाही सांगितलं आणि पकडलो गेलो, तर आम्ही दोघं आणि मास्तर तिघंही गेलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमचा वाद संपायच्या आत स्टेशन आलं.

मी गाडी थांबायच्या आत उडी मारली. डबा मागचा, इंजिन पार पुढे. पळता पळता बघतो तर तिथल्या पॉइंटमननं गाडी आत येतानाच कडं उचलून घेतलं होतं आणि तो ऑफिसात शिरत होता. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा गोळा मास्तरच्या हातात होता. हा मास्तर तरुण, कडक इस्त्रीचा, ओठांवर बारीक मिशी. नंबर लिहायला म्हणून त्यानं गोळा फिरवला, परत फिरवला, अंगठ्यानं चोळला.

“नंबर पार झिजलाय की याचा,” तो पॉइंटमनला म्हणाला.

“जुना हाय, साहेब,” पॉइंटमन म्हणाला.

आणि त्यानं गोळा यंत्राच्या तोंडाशी नेला. मी काहीच बोललो नसतो तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे कित्येक वर्षं केला. काका अजून फलाटावर मागून येत होते. खरा गोळा माझ्या पिशवीत होता. तो घरी नेऊन भिवंडीच्या खाडीत टाकून दिला असता तर कदाचित कुणाला कधी कळलंही नसतं. पण त्या वेळी विचार नाही झाला. तोंडातून निघून गेलं.

“साहेब, तो आत टाकू नका. तो मी केलेला आहे.”

त्याला आधी कळलंच नाही. मी पिशवीतून खरा काढून टेबलावर ठेवला. त्यानं दोन्ही बघितले, चारचा आकडा बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तोही घाबरला होता हे मला आता कळतं. त्याचा हात यंत्राच्या तोंडापासून चार बोटांवर होता.

त्यानं खरा गोळा यंत्रात टाकला, घंटा दिली, गाडी रोखून धरली आणि मग माझ्याकडे वळला. हा तुमच्याकडे कसा आला? मास्तरांनी दिला म्हणायचं नव्हतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं. तेवढ्यात काका दारात आले. धापा टाकत होते. त्यांनी प्रश्न ऐकला होता. कोर्टात उभी हयात गेलेला माणूस, पण त्या दिवशी सरळ खोटं बोलला.

“आम्ही उचलला. न विचारता. मास्तरांचं लक्ष नव्हतं.”

तरुण मास्तर म्हणाला, म्हणजे चोरी, आणि रेल्वेच्या सुरक्षेची चोरी, तेव्हा पोलिसांना बोलवावं लागेल. त्यानं कागद ओढला. पिशवी कोणाची? माझी. खोटा गोळा कोणी केला? मी. नाव? यूसुफ खोत. गाव? भिवंडी. लिहिता लिहिता त्याचं पेन गावाच्या नावापाशी थांबलं. चौऱ्याऐंशीच्या दंगलीनंतर भिवंडी म्हटलं की परगावचा माणूस असा क्षणभर थांबतो, याची मला सवय होती. एरवी मी ते मनावर घेत नाही. पण आता टेबलावर रेल्वेचा हुबेहूब खोटा गोळा होता, शेजारी माझं नाव आणि माझं गाव. ते तिन्ही एका कागदावर आल्यावर त्याचं काय होऊ शकतं ते मला दिसलं. छंद म्हणजे काय हे मी कुठल्या पोलीस ठाण्यात कोणाला समजावून सांगणार होतो? मी विचारल्याशिवाय बाकावर बसलो.

त्यानं पाण्याच्या स्टेशनला फोन लावला. त्या फोनवर पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. त्यानं सगळं सांगितलं. गाडी खोट्या गोळ्यावर आली, दोन पाहुणे आहेत, न विचारता उचलला म्हणतात, पोलिसांना बोलावतोय.

मग जोंधळे मास्तरांनी विचारलं, “पोलिसांत नाव कोणाचं देताय?”

“पिशवी ज्याची त्याचं. यूसुफ खोत, राहणार भिवंडी.”

दूर कुठेतरी इंजिन वाफ सोडत होतं.

“त्यांनी नाही उचलला,” जोंधळे मास्तर म्हणाले. “मी दिला. माझ्या हातानं, मापायला. लिहून घ्या तसं.”

“मास्तर, विचार करा. तुमचे आठ महिने राहिलेत.”

“विचार करूनच बोलतोय. त्यांना त्याच गाडीनं जाऊ द्या.”

तरुण मास्तरानं पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला. आम्हाला जबाबावर सही करायला लावली आणि माझा गोळा पुराव्यासाठी ठेवून घेतला. बाहेर पडताना तो मला हळू आवाजात म्हणाला की असली कामं परत करू नका. त्यात राग नव्हता.

चौकशी झाली. मला बोलावणं आलं, मी गेलो आणि होतं ते सगळं सांगितलं, माझी डावी-उजवीसुद्धा. साहेबांपैकी एक जण हसला. पॉइंटमनवर काही येऊ नये म्हणून मास्तरांनी सगळा दोष आपल्याकडे घेतला होता. त्यांना एक पायरी खाली उतरवलं, दुसऱ्या स्टेशनवर टाकलं आणि उरलेले महिने त्यांनी आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसाच्या हाताखाली काढले. पेन्शनही त्या खालच्या पगारावर बसली. मी भिवंडीला परत आलो ते दुकानात लक्षच लागेना. गियर मापताना व्हर्नियर हातात धरला की तळव्याला घाम यायचा. हाजीसाहेबांना वाटलं मला कावीळ झाली. काकांनी त्या वर्षी रविवार बंद ठेवले. पुढे मंडळी परत जमू लागली, पण त्यांच्या यंत्रांत शेवटपर्यंत लाकडी गोळेच राहिले, आणि दुसरे करून दे असं ते मला कधी म्हणाले नाहीत.

मास्तर निवृत्त होऊन वर्ष झाल्यावर मी त्यांच्या गावी गेलो. एकटाच. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो आणि त्यातलं काही बोलता आलं नाही. माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं. मी विचारलं, तुम्ही असं का केलंत, आम्ही तर तुम्हाला सोडवत होतो. ते म्हणाले, “चौकशी मला झेपणार होती, मिस्त्री. तुम्हाला नसती झेपली.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं.

त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मग मास्तर अंगणातल्या शेवग्याकडे बघत म्हणाले, मला शिक्षेचं काही नाही. पण रोज दुपारी पडलं की एकच विचार येतो. तो गोळा आत गेला असता, यंत्र उघडलं असतं, दुसरा गोळा निघाला असता, आणि तुमच्या पिशवीतला कुणाच्या हाती लागला असता तर. डबे भरून माणसं. चौतीस वर्षं ज्यासाठी जागलो, ते सगळं माझ्या टेबलावरून.

“एक खरं सांगा,” ते म्हणाले. “तुम्ही दोन्ही मापले होते. तुमचा आत गेला असता का?”

मी कप खाली ठेवला. म्हणालो, “नसता गेला, मास्तर. माझं माप चुकलं होतं. तोंडाशीच अडकला असता.”

“नक्की?”

“नक्की. मला तेवढं बारीक काम कधीच जमलं नाही.”

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मोठा श्वास सोडला. म्हणजे गाडीला धोका नव्हता, असं दोनदा म्हणाले, आणि आत वळून बायकोलाही ते सांगितलं. आपल्या मापाला मी लूमवाल्यांना कधी नाव ठेवू दिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर मान खाली घालून मी थंड झालेला चहा प्यायलो, आणि तो पुरा संपवला.